वाट पाहण्याचा सराव

मिहिका चौगुले माझ्या पाळणाघरातून परक्या माणसाबरोबर गेली तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. मीच दार उघडलं, मीच पाण्याची बाटली तिच्या गळ्यात अडकवली आणि मीच "सावकाश जा गं, ऊन आहे" म्हटलं. हे सगळं मी पोलिसांना जसंच्या तसं सांगितलं. सांगताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि त्यामुळेच जबाब लिहून घेणाऱ्या बाई माझ्याकडे दोनदा वर मान करून बघत राहिल्या.

मी विजयमाला मगदूम. कोल्हापुरात उजळाईवाडीला आमचं रो-हाऊस आहे, आणि त्याच्या खालच्या मजल्यावर मी सव्वीस वर्षं पाळणाघर चालवलं. शाळा सुटल्यावर येणारी मुलं, चार ते दहा वर्षांची. त्यांचे आईबाप गोकुळ शिरगावच्या नाहीतर कागलच्या कारखान्यांत. पूर्वी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे दीड महिना असायचा. आता उन्हापायी शाळा मार्चच्या मध्यालाच बंद होतात आणि जुलै उजाडल्याशिवाय उघडत नाहीत. साडेतीन महिने बावीस पोरं, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, माझ्या दोन खोल्यांत. बाहेर त्रेचाळीस डिग्री, अंगणात पाऊल टाकायची सोय नाही. पाळणाघर म्हणजे पोरांना खाऊ घालून झोपवायचं, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी एकदा मे महिन्यात येऊन बघायला हवं होतं.

खाऊ घालणं सोपं असतं हो. अवघड असतं ते चारनंतरचं. चारला खाणं झालं की मुलांना घर आठवतं. "काकू, किती वाजले?" पाच मिनिटांनी पुन्हा, "आता किती वाजले?" साडेपाचला कुणीतरी पहिला सूर लावायचं, आणि एक रडलं की चार रडायची. मी गोष्टी सांगायची, गाणी म्हणायची, भेंड्या खेळायची, क्वचित दटावायचीही. सात वाजता शेवटचं पोर गेलं की मी पंख्याखाली फरशीवर आडवी व्हायची, आणि तासभर माझ्याशी कुणी बोललेलं मला चालायचं नाही.

मुलं घरच्यांच्या हवाली करण्याची माझी एक रीत होती, आणि तिचा मला गर्व होता. माझ्याकडे कार्ड नाही, सही नाही. बेल वाजली की मी आधी पोरांकडे बघायची, मग दाराकडे. ज्याचं कुणी आलंय ते पोर डावी चप्पल उजव्या पायात घालून दाराकडे पळत सुटायचं. ते पळालं की मी कडी काढायची. एकदा एका मुलाचा काका आला होता, अगदी सख्खा काका. पण पोरगं पळायच्या ऐवजी माझ्या मागे येऊन उभं राहिलं. मी त्या काकाला दारातूनच वाटेला लावलं, आणि मी बरोबर केलं हे पुढे महिन्याभरात कळलं. चेहरा ओळखणारं यंत्र विकायला एक माणूस आला होता. त्याला मी चहा पाजला आणि म्हटलं, "बाळा, माझ्याकडे बावीस यंत्रं आहेत."

मग ‘निवांत’ आली.

शर्टाच्या बटणाएवढी चकती, अंगाच्या रंगाची, कानामागे चिकटवायची. सगळे तिला टिकलीच म्हणायचे. कंपनीची एक हुशार मुलगी समजवायला आली होती. ती म्हणाली, "काकू, बघायला जसा डोळा आहे, ऐकायला कान, तसं वेळ कळायला वेगळं इंद्रिय नसतं. मेंदूच्या घडीत आत दडलेला एक भाग असतो. तो सारखा शरीराकडे कान लावून असतो. छातीचे ठोके, श्वास, पोटातली हालचाल. या सगळ्याची तो बेरीज करतो, आणि ती बेरीज वाढली की आपल्याला वाटतं, वेळ गेला." खेळात रंगलं की हे मोजणं ढिलं पडतं, म्हणून तास कसा गेला कळत नाही. वाट बघताना उलटं होतं. तो भाग एकेक ठोका मोजू लागतो आणि पाच मिनिटं संपता संपत नाहीत. टिकलीतून कानाला ऐकू न येणाऱ्या बारीक लहरी त्या भागापर्यंत जायच्या आणि त्याची मोजणी ढिली ठेवायच्या. गुंगी नाही, झोप नाही, नशा तर अजिबातच नाही. मूल खेळतं, जेवतं, अभ्यास करतं, भांडतंसुद्धा. फक्त त्याच्या मनातलं ‘कधी’ तेवढं जातं.

चाचण्या झाल्या होत्या, परवानगी होती, पालकांनी आनंदानं सह्या केल्या. पहिल्या दिवशी चार वाजले, पाच वाजले, सहा वाजले. एकानंही वेळ विचारली नाही. मी खुर्चीत बसून गरम चहा प्यायले. पाळणाघर सुरू केल्यापासून संध्याकाळचा चहा मी गरम कधी प्यायलेच नव्हते. मला इतकं बरं वाटलं की मी त्या कंपनीच्या मुलीला फोन करून आशीर्वाद दिला.

सांभाळणाऱ्या बायकांसाठी टिकली फुकट मिळायची. महिन्याभरात मीही लावली. का नाही लावणार? पोरं शांत झाल्यावर दिवस मलाच मोठा वाटू लागला होता. टिकली लावली आणि तोही त्रास गेला. सकाळचं दार उघडणं आणि संध्याकाळचं दार लावणं एकमेकांना टेकून बसली. मधला दिवस घडायचा, मी सगळं काम करायची, पण त्याला लांबी नव्हती. दुःख नव्हतं, कंटाळा नव्हता. माझी मोठी बहीण इचलकरंजीला वारली तेव्हा मी गेले, तेराव्यापर्यंत राहिले, सगळं यथासांग केलं आणि परत आले. लोक म्हणाले, विजूताई खंबीर आहे.

मुलांचं दाराकडे पळणं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. हळूहळू थांबलं असणार. बेल वाजली की मूल वर बघायचं, हातातलं रंगवणं पुरं करायचं, खडू पेटीत भरायचे, सरळ चप्पल घालायची आणि चालत जायचं. आयांना पहिल्यांदा कौतुक वाटलं. किती शिस्त लावली काकूंनी!

एकटी समृद्धी खूश नव्हती. समृद्धी म्हणजे मिहिकाची आई, कागलच्या एका कारखान्यात बॅटऱ्या तपासायच्या लाइनवर. अंगानं काडी, बोलायला तोफ. मिहिका तीन वर्षांची असताना नवरा घर सोडून लांब होसूरला निघून गेला होता, आणि ही तेव्हापासून एकटीच होती. मिहिका चार वर्षांची असताना माझ्याकडे आली. पहिल्या दिवसापासून टिकली, सुट्टीत रोज अकरा तास. एके दिवशी समृद्धी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, काल मी हिच्यासमोर अर्धा तास जमिनीवर बसलो. बोललो नाही, काही नाही. मी आलोय हे हिला ठाऊक होतं. पण हिनं वर बघितलं नाही ओ."

"खेळात असेल," मी म्हटलं.

"खेळात नव्हती. नुसती बसली होती."

"मोठी होतेय आता," असं काहीतरी मी बोलले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मला दिसलं, पण मला काही वाटलं नाही.

मग मे महिन्यातला तो मंगळवार. सव्वातीनला बेल वाजली. दारात पस्तिशीचा माणूस, चौकड्यांचा शर्ट, हातात खेळण्याची पिशवी. "मिहिकाला न्यायला आलोय. मी तिचा बाबा." मी सवयीनं मागे वळून बघितलं. मिहिका उठली, खडू भरले, चप्पल घातली आणि चालत आली. रोज जायची तशीच. मी कडी काढली.

घड्याळ माझ्या समोर होतं. समृद्धीची पाळी साडेसहाला सुटते हे मला पाठ होतं. मिहिका माझ्याकडे आल्यापासून त्या माणसाचं तोंडही मी बघितलं नव्हतं. यातलं एकही माझ्या ध्यानात आलं नाही असं नव्हे. सगळं समोर होतं, फक्त टोचलं नाही. मला सव्वातीन आणि साडेसहा सारखेच वाटले. आणि मूल चालत गेलं म्हणजे माणूस त्याचा, इतकाच हिशेब माझ्या डोक्यात उरला होता. ते आता कुणाबरोबरही असंच चालत जाईल हे मला उमगायला हवं होतं.

चारच्या सुट्टीत समृद्धीनं फोन केला. मी म्हटलं, "मिहू गेली की मघाशीच. बाबांबरोबर."

तिनं तिकडूनच पोलिसांना कळवलं. मग पोलीस आले, शेजारी आले, समृद्धी कागलहून निघाली. मी सगळ्यांना पाणी दिलं. उरलेल्या एकवीस पोरांना वेळेवर उपमा दिला.

साडेपाचला तो माणूसच मिहिकाला घेऊन परत आला. प्रणीत त्याचं नाव. पोलिसांना बघून तो पळाला नाही, काही नाही. मिहिकाला आत सोडलं आणि माझ्या पायरीवर मटकन बसला.

"न्या मला, कुठं न्यायचं तिकडं," तो पोलिसांना म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काकू, साडेतीन वर्सांनी बघितलं मी हिला. होसूरलाच न्यायचं ठरवून आलतो. वाटलं, रडंल, हातपाय झाडंल, मी समजूत काढीन. रंकाळ्यावर नेलं, भेळ घेतली. हिनं खाल्ली. म्हटलं, मी कोण हाय ठाऊक हाय का? म्हणाली, बाबा. तुम्हीच दारात सांगितलं. म्हटलं, आईकडं जायाचं का माझ्याकडं ऱ्हायाचं? म्हणाली, चालेल. अगं, काय चालेल? तर म्हणाली, काय पण चालेल." त्यानं तोंड पुसलं. "मला भ्या वाटलं काकू. माझ्याच लेकराचं भ्या वाटलं."

तेवढ्यात समृद्धी रिक्षातून उतरली. तिनं नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत आली, गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात पसरले. मिहिका होती तिथेच उभी राहिली. थोडा विचार करून म्हणाली, "आई, भेळेत कांदा नव्हता."

समृद्धीचे हात तसेच राहिले. मी पुढे झाले आणि म्हटलं, "आली बघ सुखरूप. काही झालं नाही."

ती माझ्याकडे बघत उठली. जवळ आली, माझे केस बाजूला केले आणि कानामागची टिकली खरवडून काढली.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही पण?"

टिकली काढल्यावर लगेच काही होत नाही. पहिले दोन दिवस नुसती डोकेदुखी. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी लावत होते आणि सहज घड्याळाकडे बघितलं. सव्वातीन. रंकाळ्याच्या गर्दीत चालत जाणारी ती सहा वर्षांची पोर मला दिसली, आणि तो प्रणीत नसता तर, दुसरा कुणी असता तर, हे मला तीन दिवस उशिरा कळलं. मी मोरीत जाऊन ओकले. संध्याकाळ होईपर्यंत तिथेच बसून होते. दुपार किती लांब असते हे मी विसरलेच होते.

मी पाळणाघर बंद केलं. पालकांना टिकलीबद्दल सांगितलं. काहींनी ऐकलं. बऱ्याच जणांनी आठवड्याच्या आत टिकली लावणारं दुसरं पाळणाघर शोधलं. त्यांना तरी काय बोलू? त्यांच्या पाळ्या काही बदलल्या नव्हत्या.

समृद्धी मिहिकाला घेऊन डॉ. शिंत्रे यांच्याकडे गेली. मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर, राजारामपुरीत. मलाही बरोबर चला म्हणाली. मला वाटलं, तिथे नेऊन माझी खरडपट्टी काढणार. काढली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी कागदावर काही काढून दाखवलं नाही, साधं बोलल्या. "आईची ओढ रक्तात असते असं आपण म्हणतो. तशी ती नसते. जन्मल्यापासून मूल वाट बघतं. वाट बघताना त्याचं शरीर आवळत जातं, गाठ बसत जाते. मग एक माणूस येतं आणि ती गाठ सुटते. असं हजारो वेळा झालं की मेंदू ठरवतो, हे माझं माणूस. मिहिकाच्या मेंदूत दोन वर्षं गाठच बसली नाही, त्यामुळे सुटलीही नाही. आधीचं जे होतं ते पुसट झालंय. आई कोण हे तिला माहीत आहे, जसं तिला शाळेचा पत्ता माहीत आहे."

"परत येईल?" समृद्धीनं विचारलं.

"सातव्या वर्षापर्यंत शक्यता चांगली असते. पुढे अवघड होत जातं."

मिहिका सप्टेंबरमध्ये सात पूर्ण करणार होती. हातात चार महिने होते.

उपाय ऐकायला सोपा होता. टिकली बंद. रोज ठरावीक जागी मिहिकाला वाट पाहायला बसवायचं. आधी दहा मिनिटं, मग वीस, मग तास. शेवटी दर वेळी आईनंच यायचं. ती रडेल, तिला रडू द्यायचं. मधे कुणी जवळ घ्यायचं नाही, थोपटायचं नाही, समजूत घालायची नाही. "गाठ जो सोडवेल, ओढ त्याला चिकटेल," डॉक्टर म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्ही विशेषतः. तुमची सवय मोडा."

जागा माझ्याकडचीच ठरली, कारण मिहिकानं वाट न पाहिलेले सगळे दिवस तिथलेच होते. सराव सुरू झाला. मिहिका बाहेरच्या खोलीत चटईवर, मी कोपऱ्यात खुर्चीवर. समृद्धी रजा काढून गल्लीच्या तोंडाशी गुलमोहराखाली स्कूटरवर, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. पहिले आठ दिवस काहीच झालं नाही. मिहिका बसायची, आई यायची, मिहिका उठायची. समृद्धी रोज हसून म्हणायची, "आलो गं मिहू!" आणि रोज तिचा आवाज थोडा खाली यायचा.

बाराव्या दिवशी, आई जाऊन चाळीस मिनिटं झाल्यावर, मिहिका म्हणाली, "काकू, किती वाजले?"

माझ्या हातातली विणायची सुई खाली पडली. ज्या प्रश्नानं मी वर्षानुवर्षं वैतागले होते, तो ऐकून मला हसू आणि रडू एकदमच आलं. "चार वीस," मी म्हटलं. पाच मिनिटांनी ती पुन्हा म्हणाली, "आता?"

तीन दिवसांनी ती पोट धरून उभी राहिली. तिला काय होतंय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. "काकू, इथं दुखतंय," म्हणाली आणि तिचे ओठ थरथरायला लागले. मी उठले, तिला उचलली आणि मांडीवर घेऊन बसले. विचार केलाच नाही. ही असली कामं हात आपसूक करतात. तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि तिचं ताठरलेलं अंग सैल पडलं. अर्धं मिनिट झालं असेल. मग मला आठवलं, आणि मी तिला खाली ठेवलं.

समृद्धीला मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मी सरबत करायला स्वयंपाकघरात गेले. लिंबं पिळून वळते तर मिहिका दारात. डोळे भरलेले.

"काकू, तुम्ही कुठं गेलेलात?"

ती माझी वाट बघत होती.

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मला मूल नाही. शेकडो पोरं अंगाखांद्यावर वाढवली आणि सगळी सात वाजता आपापल्या घरी गेली. त्याचं मी कधी दुःख केलं नाही, धंदाच तो. पण हे एक पोर माझं होऊ शकलं असतं. काही चोरायचं नव्हतं, पळवायचं नव्हतं. ती रडली की फक्त उचलायचं होतं. कुणाला कळलं नसतं. समृद्धीला वाटलं असतं, उपाय लागू पडला नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी मिहिकासाठी शेवयांची खीर केली, आणि ती कुणासाठी करतेय याचं मला चांगलं भान होतं.

दोन दिवस मी तसेच जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी समृद्धी आली ती उन्हानं लाल झालेली, ओठ सुकलेले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. मांडीवर घेतल्याचं, स्वयंपाकघराच्या दाराचं, खिरीचंसुद्धा.

तिनं सगळं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता तोफ सुटणार.

"काकू," ती म्हणाली, "तुम्हाला लई पोरं होती ओ. मला दुसरं कोण आहे?"

त्यानंतर मी मिहिकाला हात लावला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात समृद्धीची रजा संपली. कारखान्यातून साडेपाचला येते असं ठरलं. लवकर सुटणारी पाळी मागून घेतली होती तिनं. मिहिका साडेतीनपासून बसायची, मधूनमधून वेळ विचारायची, रडायची थोडी. आई आली की थांबायची. बरं चाललं होतं. पण पळत जाणं नाही, बिलगणं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "अजून थोडं जास्त लागेल." जास्त म्हणजे काय, ते आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

त्या गुरुवारी महामार्गावर ट्रक उलटला आणि कारखान्याची बस अडकली. साडेपाच झाले. मिहिका उठून खिडकीशी गेली. पावणेसहा. ती दाराशी गेली, परत आली, पुन्हा गेली. सहाला ती रडायला लागली, आणि हे रडणं आधीचं नव्हतं. सगळं अंग गदगदत होतं, श्वास अडकत होता. "आई कधी येणार? काकू, आई कधी येणार?"

"येईल," मी म्हटलं. तेवढं चालायचं.

ती माझ्याकडे आली आणि दोन्ही हात वर केले. "काकू, घ्या ना."

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसले. तिनं माझी साडी ओढली. माझ्या मांडीवर चढायला बघितलं. मी गुडघे वळवले, ती घसरली. "घ्या ना काकू! घ्या ना!" तिनं माझ्या गुडघ्यावर डोकं आपटलं, मुठीनं मारलं, मग माझ्या पोटरीला मिठी मारून खाली बसली. तिचे अश्रू माझ्या पायाला लागत होते. मी भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्याकडे बघत होते. टिकली असती तर हे किती सोपं गेलं असतं, असं माझ्या मनात आलं. आणि ती कानामागे नव्हती म्हणून एकेक मिनिट मला पुरं भोगावं लागत होतं. एवढं कठीण काम मी आयुष्यात केलं नाही, आणि त्यात मला काहीच करायचं नव्हतं.

सव्वासहाला फोन वाजला. मी एक हात सोडवून उचलला.

"काकू, बस सोडली. गोकुळ शिरगावपासनं रिक्षानं यायलोय." ती धापा टाकत होती. "रडायलीय का?"

"होय."

"लई?"

"लई."

"घेऊ नका," ती म्हणाली आणि हुंदका आला तिला. "पाया पडतो काकू, घेऊ नका."

पावणेसातला फाटक वाजलं. समृद्धी आत आली आणि दारातच थांबली. मिहिकानं माझी पोटरी सोडली. उठली, गळ्यातली पाण्याची बाटली काढली आणि सगळ्या ताकदीनं आईच्या अंगावर फेकली.

"कुठं होतीस तू?" ती ओरडली. "कुठं होतीस? कुठं होतीस?" आणि आईवर जाऊन आदळली. मारत होती, ओरबाडत होती, आणि मारता मारता तिनं आईच्या गळ्यात असे हात टाकले की समृद्धी तोल जाऊन फरशीवर बसली. दोघी तिथेच हमसून हमसून रडल्या. समृद्धी सारखी म्हणत होती, "चुकलं माझं, चुकलं माझं," आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला बघवत नव्हता.

जाताना मिहिका आईच्या खांद्यावर होती. सहा वर्षांची घोडी, पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते, पण समृद्धीनं तिला खाली ठेवलं नाही. खांद्यावरून मिहिकाची नजर माझ्यावर पडली. मी हात हलवला. तिनं मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समृद्धीचा फोन आला. बराच वेळ नुसती काकू, काकू करत होती.

"बोल गं."

"काकू, ही यायला तयार नाही. तुमचं नाव काढलं की अंग चोरतीय. काकूंनी मला घेतलं नाही म्हणती. मी समजावतो तिला. तुम्ही काय केलासा ते सांगतो की."

"सांगू नकोस," मी म्हटलं. "आता इकडे आणूही नकोस."

"असं कसं काकू? तुमच्यामुळं तर..."

"समृद्धी, नको. माझ्यावर राग आलाय म्हणजे तिला कळतंय, कोण आलं आणि कोण आलं नाही. राहू दे तसंच."

फोन ठेवला आणि मी पोटभर रडले. वाईट वाटत होतं, अगदी आतून, दुपारभर. कुणी थोपटायला आलं नाही ते बरंच झालं.

मिहिका आता नऊ वर्षांची आहे. कधीतरी भाजी मंडईत दोघी दिसतात. समृद्धी लांबून हात जोडते. मिहिका मला बघते, आईचा हात घट्ट धरते आणि तिला पलीकडच्या बाजूनं ओढत नेते. मी हाक मारत नाही.